गळ्यातला क्रूस

जबलपूर, डिसेंबर १९७१

शमुवेल भैया,

लढाईवर जाताना तू माझ्या गळ्यात लोखंडी क्रूस घातला अन् म्हणाला, "काढू नको." पण आमच्या तोफगोळ्यांच्या कारखान्यात बारूद भरायच्या खोलीत लोखंड चालत नाही. एका ठिणगीत सगळे जातील. क्रूस काढला तर तुला गोळी लागेल असं वाटलं, म्हणून आज झडतीच्या वेळी तो तोंडात लपवून नेला.

बाजूला काम करणारी अंजनीदीदी म्हणे, "काहून गं, मौनव्रत करून राहिली का?"

मला हसू आलं अन् क्रूस बारुदाजवळ पडला.

काही झालं नाही. दीदीनं तो उचलला. "तुझा येशू तुला वाचवीन, पण माझी तीन लेकरं?"

उद्यापासून क्रूस घरीच ठेवीन. हे पत्र तुला पाठवायची हिंमत नाही. सुट्टीत येशील, माझा गळा मोकळा पाहशील, तेव्हा खूप रागाव. पण ये.

तुझी,
सलोमी