चालून घेतलेला बॅरिटोन

मुंबई

आण्णा,

जयभीम. आईलाबी सांगा. फोनवर तुमी मला बोलूच देत न्हाई, म्हणून लिहायला बसले.

आपल्या बँडसाठी खालच्या सुराचा मोठा बॅरिटोन सॅक्सोफोन घेतला. दुकानात दोन पसंत पडले. दुकानदारानं स्टूल पुढं केलं. बसून वाजवले तर दोन्ही सारखेच गोड. मी म्हणाले, "आमच्या चौसाळ्यात बसून कुणी वाजवत न्हाई, मला चालू द्या." तो हसला, पण दार उघडलं.

फुटपाथवर मिरवणुकीच्या चालीनं वाजवत गेले. पहिला गुडघ्याला आपटायचा अन् खालचा सूर पावलागणिक तुटायचा. दुसरा मात्र अंगाला धरून राहिला. सिग्नलला थांबलेला एक टेम्पोवाला हॉर्नवर ठेका द्यायला लागला. मग तोच घेतला. लई जड हाय, माझी मान अजून दुखतीय.

तुमच्या मानेचा पट्टा निघाला का? डॉक्टर काय म्हणाले ते आईला कळवायला सांगा. तुमी नुसतं "बरं हाय" म्हणता. इतकी वर्षं जुना बॅरिटोन गळ्यात वागवला, त्याचंच हे दुखणं, हे मला काल कळलं.

आता रागावू नका. नवा सॅक्सोफोन दोन्ही खांद्यांवर पेलायचा पट्टा दुकानदार शिवून देतो. त्यानं विचारलं, "माप कुणाचं?" मी माझं दिलं.

जयंतीच्या मिरवणुकीत तुमी हलकं क्लॅरनेट घेऊन म्होरं चाला. मागं खालचा सूर मी धरते.

तुमची,
चैताली