सातावरची टोपी

ता. ४ मार्च

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. काल तू बोलता बोलता फोन आपटलास म्हणून हे पत्र. कागद खुशाल आपट, मजकूर तसाच राहील.

तुझ्या जुन्या कॉम्प्युटरच्या साउंड कार्डांपैकी एक मी ऑनलाइन विकलं, हे खरं. तुला विचारलं नाही, हे मात्र साफ खोटं. आई पडली, ऑपरेशन झालं, ती माझ्याकडे राहणार हे ठरलं, तेव्हाच मी म्हटलं होतं की मागच्या खोलीतली तुझी खोकी हलव. बघू म्हणालास. पुन्हा विचारलं, पुन्हा बघू. आईची खाट काय तुझ्या ‘बघू’वर ठेवायची होती?

आता अडचण ऐक. कार्ड घेणारी बाई भाषांतरं करते. तिची दृष्टी गेली आहे. ती जे टाइप करते ते तिचा जुना कॉम्प्युटर मोठ्यानं वाचून दाखवतो, आणि त्या प्रोग्रामला असलंच कार्ड लागतं. तिचं जळालं म्हणून आपलं घेतलं. बसवलं, तर अर्धा शब्द बोलतं आणि गप्प होतं. शेजाऱ्यानं काढून, पुसून परत बसवलं, तरी तेच. तिचं पुस्तक छापायला जायचं आहे आणि ती मुक्या यंत्रासमोर बसून आहे. डोळे नसलेल्या बाईला मोडकं कार्ड बरं खपवलंत, असं ती मला फोनवर म्हणाली. काय करायचं ते लगेच कळव.

राग हवा तितका धर, पण उत्तर दे.
ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तू ज्यांना खोकी म्हणतेस ती मी नोकरी लागल्यापासून जमवत होतो. भंगारवाल्यांकडे उकिडवा बसून एकेक कार्ड निवडलंय. विकलंस तेही नेमकं माझं सगळ्यात आवडतं. तुझ्या साड्या मी अशा विकल्या असत्या तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस.

असो. ते कार्ड वयानं गेलं. आतले भाग सुकले असणार, दुरुस्त होणार नाही. बाईंचे पैसे परत कर आणि कार्ड नीट गुंडाळून माझ्याकडे पाठव. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस.

आईच्या गोळ्या वेळच्या वेळी देत जा.
तुझा भाऊ

ता. १२ मार्च

ती. ताईंना,
सा. न. हे पत्र तुमच्या भावाला न विचारता लिहिते आहे. विचारलं असतं तर बघू म्हणाला असता.

काल जेवताना स्वारी भलतीच खुशीत होती. कार्ड परत येतंय म्हणाला. मेलेलं कार्ड घेऊन काय करणार, असं मी विचारलं, तर हसून म्हणाला की मेलंय कोण, ठणठणीत आहे. कार्डावर सुयांसारख्या पिनांची रांग आहे, म्हणे, आणि त्यावर एक इवलीशी प्लास्टिकची टोपी. पिनांना आकडे आहेत, त्यातल्या सातावर ती बसली आहे. बाईंचा प्रिंटरही कॉम्प्युटरला त्याच सात नंबरानं हाक मारत असणार, म्हणून दोघं एकमेकांच्या पायात येतात. टोपी पाचावर सरकवली की झालं. हे ताईंना का नाही कळवलंस म्हटलं, तर आणखी भात वाढून घेतला.

त्या बाई तिकडे खोळंबल्यात आणि हा इकडे भात कालवतोय. मी त्याच्याशी बोलणं टाकलं आहे. सोबत रांगेचं चित्र काढून पाठवते, टोपी कुठली ते बाणानं दाखवलं आहे.

आईंना नमस्कार. मला त्याच्यात धरू नका.
तुमची भावजय

ता. १७ मार्च

टिल्लू,
आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

शेजारणीला आईजवळ बसवून मी त्या बाईंकडे गेले. लहानशी खोली, भिंतीला लागून टेबल, सगळं जिथल्या तिथं. कॉम्प्युटर उघडला. भुवया कोरायचा चिमटा नेला होता, त्यानं टोपी उचलून पाचावर बसवली. बाईंनी कळा दाबल्या आणि यंत्र आख्खं वाक्य बोललं. मग पुढचं. बाई खुर्चीत मागे टेकल्या, काही वेळ नुसत्या ऐकत राहिल्या.

मग त्यांनी विचारलं, इतकं सोपं होतं तर आधी का नाही सांगितलं. माझ्या ओठांवर खोटं आलं होतं, की भावाला उशिरा सुचलं. ते गिळलं आणि खरं सांगितलं. त्यांनी काय केलं असेल? माझी माफी मागितली. तुम्हाला नको ते बोलले, म्हणाल्या. मी तिथं बसून ती माफी घेतली, टिल्लू. लाजेनं मान वर होत नव्हती, त्यांना दिसत नव्हतं तरी.

कार्डावर तुझा जीव आहे, मान्य. मागितलं असतंस तर मीच बाईंशी बोलले असते, दुसरं शोधून दिलं असतं. पण तू माझ्या तोंडून खोटं वदवलंस. कार्ड गेलं, असं मी तुझ्या भरवशावर त्यांना सांगून बसले होते. आणि वर मला गोळ्यांच्या वेळा शिकवतोस.

बाईंचा फोन नंबर खाली दिला आहे. मी मध्ये पडणार नाही.
ताई

ता. २४ मार्च

ती. ताईस,
सा. न. घरात कुणी माझ्याशी बोलत नाही, तेव्हा लिहायला निवांतपणा आहे. तू कार्ड विकलंस याचा राग अजून गेलेला नाही. पण तो राग घेऊन बाईंना फोन करता येईना, म्हणून इतके दिवस लागले.

मी नाव सांगितल्याबरोबर त्यांनी काम चालू आहे म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशीही तेच. काल उचलला. मी माफीचं बोलायला लागलो, तर मध्येच थांबवून म्हणाल्या की तुमच्या माफीनं माझे वाया गेलेले दिवस भरून येत नाहीत, ती तुमच्या बहिणीकडे न्या. मागे यंत्राचा आवाज चालू होता. तो ऐकून मला आनंद झाला, आणि झाला म्हणून स्वतःचीच चीड आली.

शनिवारी येतो. दोन दिवस आईजवळ मी थांबेन. तू घराबाहेर पड, कुठंही जा.

फोन ठेवण्याआधी बाई म्हणाल्या, यंत्र जुनं आहे, पुन्हा अडेल, तेव्हा मी तुम्हालाच फोन करणार, कारण दुसऱ्या कुणाला हे येत नाही. आणि तेव्हा पहिल्याच फोनला खरं सांगायचं. मी हो म्हटलं. त्यांनी ते माझ्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं.

माया आटली असेल तर उरली असेल तेवढी ठेव.
टिल्लू