हळदीच्या गाण्यातलं राहिलेलं नाव

देवपूर, धुळे

तीर्थरूप भटूनाना,

मोनाली लांबूनच पाया पडते, गोड मानून घ्या. नानींचे गुडघे आणि तुमची केळी बरी असतील (आधी गुडघ्यांचं विचारलं, हे नानींना आवर्जून सांगा). पत्र आक्काआजीच्या घरून आलंय म्हणून फाडू नका, लिहिलंय मी. तुमच्या धाकट्या बहिणीच्या हळदीला आक्काने गाण्यात गणगोतातल्या सगळ्यांची नावं घेतली आणि सख्ख्या भावाचंच विसरली, म्हणून तुम्ही चाळीस वर्षं तिचा उंबरा चढला नाहीत, हे घरात सगळ्यांना पाठ आहे.

तर नाना, त्याच हळदीची टेप सापडली! पुण्याचे एक अभ्यासक तेव्हा मांडवात मशीन घेऊन बसले होते (बायकांनी त्यांनाही हळद फासली, त्यांचं ओरडणं टेपवर स्वच्छ ऐकू येतं). पुण्यातल्या एका संग्रहातून ती मिळवून मी सहा महिने ऐकली आणि तिच्यावरून दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो अशा चार वाद्यांसाठी नवी रचना केली. शब्द एकही नाही. बाबा म्हणाले, धुळ्यात हे ऐकायला कोण येणार? आले की! हॉल भरला (थोडे लोक वरच्या मजल्यावरच्या साखरपुड्याचे होते, पण उठले नाहीत). वादन संपलं, टाळ्या सुरू झाल्या आणि पहिल्या रांगेतून आक्का कडाडली, "थांबा! मना भाऊनं नाव राह्यनं!" मी तिला खाली बसवायला उठले. पण चेलोवाली तबस्सुम देवपूरचीच, हळदीचं गाणं नावं पुरी झाल्याशिवाय संपत नाही हे तिला ठाऊक. तिने सरळ सूर धरला. आक्का उभ्याने गायली, तुमचं नाव, तीनदा! मागच्या बायकांनी ते उचललं, मग आपापल्या भावांची नावं घातली. वीस मिनिटांची रचना सव्वा तास चालली. नाना, मी ढसाढसा रडले. मी जिंकले आणि तुम्हीही जिंकलात. बहिणीने भर सभेत चूक दुरुस्त केली, आणखी काय हवं?

तुमची नात,
मोनाली

ता. क. रविवारी जळगावला पुन्हा कार्यक्रम आहे. भाऊ समोर नसेल तर गाणार नाही, असं आक्का म्हणते. एसटीने या, मी स्टँडवर येते.

आणखी एक ता. क. राहवत नाही म्हणून सांगते. तुमचं नाव टेपवर आहे. तुमच्या वडिलांच्या नावानंतर लगेच, दोनदा. व्हायोलिनला ती जागा जमेना म्हणून माझ्या रचनेतून मीच गाळलं होतं. टेपवर पुढे कुणी विचारतं, "भटू कोठे शे?" आणि एक बाई सांगते, "तो पंगतमा बठेल शे." आक्काला मी हे कार्यक्रमाआधीच ऐकवलं होतं. पोटभर हसली, मग डोळे पुसत म्हणाली, "त्याले सांगू नको. येऊ दे त्याले."