आयडेच्या वाटेवरच्या काठ्या

रविवार, ८ फेब्रुवारी

साखळी! आस्लाकच्या शेताकडे, आयडेला, जाणाऱ्या रस्त्याला चक्क साखळी. दोन लोखंडी खांब, मधे जाडजूड साखळी, तिला टांगलेली फळी आणि फळीवर आस्लाकचं शाळेपासूनचं तिरकं अक्षर — गाड्या बंद. ईस्टरलाही बंद.

मी गेले होते वाटेची यंदाची पहिली पाहणी करायला. साखळीवरून पाय टाकला आणि गेले वर. चालत जाणाऱ्याला आपल्याकडे कोणी अडवू शकत नाही. पण लोकांनी गाड्या ठेवायच्या कुठे? खाली हमरस्त्याला दोन्हीकडे माणसाएवढ्या बर्फाच्या भिंती. आयडेचं अंगण नाही, तर फागरबूच्या निवाऱ्यापर्यंतची हिवाळी वाट नाही. सरळ हिशेब.

अंगणात आस्लाक दिसला. मी हात केला. तो गोठ्यात निघून गेला.

घरी नवरा, आर्वे, काठ्या तासत बसला होता. गुडघा गेल्यापासून त्याचं स्कीवर जाणं बंद, म्हणून काठ्या त्याच्याकडे — भूर्जाच्या, छातीएवढ्या उंच, दोनशे. झाडं संपली की वर नुसतं पांढरं असतं. तिथे या काठ्याच लोकांना वाट दाखवतात. सांगितलं त्याला साखळीचं. म्हणाला, "गाय मेली ना त्याची."

मेली. मागच्या ईस्टरच्या शनिवारी. गाय अडली होती आणि कोणा शहरातल्या माणसाची गाडी रस्त्यात आडवी. गुरांचा डॉक्टर दोन किलोमीटर बर्फातून चालत वर पोचला, तोवर गायही गेली आणि वासरूही.

मला हे तेव्हाच कळलं होतं. सगळ्या गावाला कळलं होतं.

सोमवार, ९ फेब्रुवारी

दुकानात मासे मांडत होते तेव्हा हेनिंगचा फोन. डोंगरवाटा आखणाऱ्या आमच्या मंडळाची सगळी निवाऱ्यांची कामं तो शहरात बसून बघतो. पोरगा वाईट नाही, पण त्याला डोंगर नकाशातूनच माहीत. पाम संडेपासून, ईस्टरच्या आदल्या रविवारपासून, फागरबू पूर्ण भरलंय म्हणे — बत्तीस माणसं, त्यात नऊ लहान मुलं. साखळीचं सांगितलं तर म्हणतो कसा, मग धरणाकडून न्या की वाट! तिथला रस्ता वीजवाले रोज साफ करतात, गाड्यांना हवी तेवढी जागा.

ते खरंच आहे. पण धरणाकडची वाट पहिले दोन किलोमीटर स्वार्तबर्ग डोंगराच्या पोटाखालून जाते, जिथे बर्फाचा कडा कधीही कोसळू शकतो.

बघून सांगते म्हटलं.

रविवार, १५ फेब्रुवारी

धरणाकडून गेले. उणे अकरा, वारा नाही, ऊन. असल्या दिवशी कुठलाही डोंगर साळसूद दिसतो.

चढाच्या बाजूला, धोक्याबाहेर, कंबरभर खड्डा खणला आणि थर पाहिले. वरचा थर घट्ट, चांगला. त्याखाली हाताला लागली ती नुसती साखर. दाणेदार, सुटी, मुठीत धरली तरी ओघळणारी. डिसेंबरातल्या थंडीची. वरचं सगळं ओझं त्या साखरेवर बसलंय.

तरी म्हटलं जरा पुढे जाऊन बघावं. पन्नास पावलं गेले असेन. पायाखाली धप्प झालं — कोणीतरी जमिनीखालचं दार लोटल्यासारखं — आणि स्कीच्या टोकापासून एक रेघ सर्रकन चढाकडे पळत गेली.

मी हलले नाही. किती वेळ, माहीत नाही. मग आपल्याच खुणांवर पाय ठेवत मागे आले.

आर्वेला फक्त थरांचं सांगितलं. धप्प झालेलं नाही.

बुधवार, १८ फेब्रुवारी

वादळ. वर कोणी जाऊ नये. मीही नाही.

रविवार, २२ फेब्रुवारी

पुन्हा खड्डा, दुसऱ्या जागी. फावड्यावर तळहाताने थापट्या मारल्या. तेराव्या थापटीला अख्खा थर फळीसारखा घसरून माझ्या मांडीवर आला. साखर तशीच.

आर्वेला आज सगळं सांगून टाकलं, धप्पसुद्धा. त्याने हातातली काठी खाली ठेवली. मग म्हणाला की पुढच्या वेळी एकटी जाणार असशील तर काठ्या तुझ्या तू तास.

बुधवार, २५ फेब्रुवारी

हेनिंगला कळवलं — धरणाकडून वाट नाही. त्याचा लगेच फोन. सरकारी अंदाजात तर बर्फ कोसळण्याचा धोका पाचापैकी दोन नंबरचाच आहे! मी म्हटलं, अंदाज सगळ्या डोंगररांगेचा असतो, मी त्या एका चढाबद्दल बोलतेय. तो म्हणाला, लोकांनी सुट्या टाकल्यात, आणि तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्या कोणाला पाठवू का. अगदी नम्रपणे म्हणाला. तेच जास्त लागलं.

"पाठव," म्हटलं. "पण माझी एकही काठी त्या चढाखाली उभी राहणार नाही."

फोन आपटला. संतापानेच.

म्हणजे आता आयडे. दुसरा मार्ग नाही. आणि आयडेला जायचं म्हणजे नुसतं साखळीबद्दल बोलून भागणार नाही. ते मला साखळी पाहिली तेव्हाच कळलं होतं. इथे लिहायचं टाळत होते. आज लिहिते.

वाटेची माहिती मंडळाच्या वेबपानावर मीच लिहिते. त्यात सात वर्षांपूर्वी मी वाक्य घातलं — "गाड्यांसाठी आयडेच्या अंगणात भरपूर जागा." आस्लाकला विचारलं नव्हतं. आधी दोन-तीन गाड्या यायच्या, तो काही म्हणत नव्हता, म्हटलं चालतंय. मग त्या वीस झाल्या.

आणि गाय गेल्यावर मी त्याच्याकडे गेले नाही. ते वाक्य तेवढं गुपचूप काढून टाकलं.

रविवार, १ मार्च

गेले.

गोठ्यात होता, शेण ओढत. मला बघून थांबला नाही. मी दाराशी उभी राहून सगळं सांगितलं — वाक्य माझं, न विचारता लिहिलेलं, गाय गेल्यावर तोंड दाखवायची लाज वाटली तीही. घरून नीट ठरवून आले होते, तरी मधेच क्रम चुकला.

तो फावडं चालवतच राहिला. शेवटी भिंतीला टेकवलं.

"सहा वर्षांची होती," म्हणाला. "दागरूस नाव. रांगेत पहिली उभी राहायची."

मग म्हणाला, त्या गाडीवाल्याने नंतर खाली येऊन गाडी हलवली, आणि जाताना सांगून गेला की पाचच मिनिटं लावली होती. हे सांगताना आस्लाक हसल्यासारखा झाला. फार वाईट दिसतं ते त्याच्या तोंडावर.

मी साखळी काढ म्हटलंच नाही. हमरस्त्यालगतचं त्याचं खालचं कुरण आहे ना, सपाट — तिथला बर्फ काढून गाड्या लावू द्यायच्या का, एवढंच विचारलं. आयडेचा रस्ता मोकळाच राहील. लोक खालून स्कीवर येतील. दोन किलोमीटर जास्त, येतील की.

"बर्फ कोण काढणार?"

"मी."

त्याने माझ्याकडे नखशिखान्त पाहिलं. एकसष्ट वर्षांची बाई, दुकानात मासे मांडणारी. "काढ," म्हणाला.

गुरुवार, ५ मार्च

कुरण मोजलं. आडव्या बाजूने चौदा गाड्या. बर्फ कमरेच्या वर. खालचा हातभर दगड झालेला.

शनिवार, ७ मार्च

चार तास फावडं. एका गाडीची जागा झाली. लहान गाडीची.

रविवार, ८ मार्च

पाच तास. दीड गाडी. पाठ सरळ होत नाही. आर्वे गाडीत बसून थर्मासमधली कॉफी पीत बघत होता. म्हणाला, या वेगाने यंदाचा नाही तर पुढचा ईस्टर नक्की मिळेल. मग उतरला, दुसरं फावडं घेतलं आणि गुडघ्याला शिव्या देत तासभर माझ्या शेजारी उभा राहिला.

मंगळवार, १० मार्च

दुकान उघडण्याआधी दोन तास. आस्लाक ट्रॅक्टर घेऊन गेला. मान वळवली नाही.

बुधवार, ११ मार्च

रात्री पडलेल्या बर्फाने कालचं सगळं भरलं. रडले थोडी, मग सुरू केलं. अठरा दिवस आहेत. रोज एक गाडी झाली तरी चौदा होतात. होतातच!

शुक्रवार, १३ मार्च

कामावरून सुटून फावडं घेऊन गेले, तर कुरण मोकळं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कडेने तासल्यासारख्या सरळ भिंती. वीस गाड्या मावतील. ट्रॅक्टरच्या खुणा अजून ताज्या. कोपऱ्यात नवी फळी — गाड्या इथे. आयडेला चालत.

वर गेले आभार मानायला. दूध काढत होता. म्हणाला, तुझं ते फावडं रोज बघवत नव्हतं, चुकीचं धरतेस.

रविवार, १५ मार्च

काठ्या लावल्या! काल आणि आज. काल झाडांच्या वरचा चढ, आज तळं. दोनशे काठ्या घसरगाडीवर लादून कमरेला बांधलेल्या. वारा सतत डाव्या गालावर. दर पंचवीस पावलांना थांबायचं, गिरमिटाने भोक, त्यात काठी, बुटाने बर्फ दाबायचा, पुढे.

लांगवात्न तळ्यावर दर शंभर पावलांना मोठं गिरमिट खालपर्यंत घातलं. बर्फाची जाडी बावन्न सेंटीमीटर, पन्नास, पन्नास, ओढा येऊन मिळतो तिकडे एकेचाळीस. भरपूर. मागे वळून पाहिलं तर काठ्यांची ओळ पार क्षितिजापर्यंत. दर वर्षी या क्षणी छाती भरून येते. अकरा वर्षं झाली, अजून येते.

शुक्रवार, २० मार्च

पानावर लिहिलं — फागरबूची वाट खुली. गाड्या खालच्या कुरणात, जागामालकाच्या परवानगीने. आयडेच्या रस्त्यावर एकही गाडी नाही. धरणाकडून जाऊ नये.

हे वाक्य न् वाक्य आधी आस्लाकला वाचून दाखवलं. "परवानगीने" तेवढं त्याने पुन्हा वाचायला लावलं.

रविवार, २९ मार्च, पाम संडे

सतरा गाड्या. सकाळपासून कुरणात उभी होते. एक बाई मोठी गाडी घेऊन थेट साखळीपर्यंत गेली — सामान फार आहे म्हणे, पाचच मिनिटं. मी जाऊन गाडीपुढे उभी राहिले. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोणास ठाऊक, मुकाट्याने मागे घेतली.

मग मीही तळ्यापर्यंत गेले. सगळे काठ्यांच्या ओळीने चाललेले, मुलं घसरगाड्यांवर कांबळ्यात गुंडाळलेली, एक पोरगी मोठ्याने काठ्या मोजत. शंभराच्या पुढे तिला येईना, पुन्हा एकपासून सुरू.

मंगळवार, ७ एप्रिल

सगळे परत आले. बत्तीसच्या बत्तीस.

स्वार्तबर्ग मात्र जागचा हलला नाही. सबंध ईस्टर एक ढेकूळ खाली आलं नाही. हेनिंगने लिहिलंय की सगळं छान पार पडलं, आणि शेवटी — धरणाकडची वाटही चालली असती असं दिसतं. खाली हसरा चेहरा.

असती. नसतीही. मला पुन्हा विचारलं तर पुन्हा नाहीच म्हणेन.

रविवार, २६ एप्रिल

तळ्यावरच्या काठ्या काढायला गेले. ओढ्याच्या तोंडाशी काळं पाणी उघडं पडलंय, आमच्या दुकानाएवढं. माझी ओळ नेमकी तिथून जाते. पण काठ्या तिथे नव्हत्या. चाळीस पावलं अलीकडून वळसा घालून उभ्या होत्या, एकूण अकरा.

तो वळसा मला दर वर्षी दिसतो. वाटायचं, वारा तोंडावर असताना मीच तशी सरकते.

उतरताना आयडेला थांबले. आस्लाक कुंपण दुरुस्त करत होता. विचारलं.

"तू लावून गेलीस की दुसऱ्या दिवशी जातो," म्हणाला. "खालून झरा आहे तिथे, बर्फ धरत नाही. वडिलांचा घोडा गेला होता."

"किती वर्षं?"

"तू लावतेस तेवढी."

"यंदासुद्धा?"

त्याने खिळा तोंडातून काढला. "यंदा बत्तीस माणसं होती ना."

का नाही सांगितलंस म्हटलं, तर म्हणे तू कधी विचारलं नाहीस.

घरी येऊन मार्चमधली नोंद काढली. पन्नास सेंटीमीटर, मग एकेचाळीस. दोन भोकांच्या मधे शंभर पावलं. झरा त्या शंभरात.