गुरुवारची कडी

॥ श्री ॥
आरोग्य उपकेंद्र, खालची वाडी,
ता. इगतपुरी
२२ ऑगस्ट २०२५

ती. पुंजामामांस,
स्नेहलचा शि. सा. नमस्कार वि. वि.

हाताशी फोन असून पत्र लिहितेय म्हणून हसाल. पण मला तुमच्या कानांचा धाक आहे. बंद शटरमागून मोटार ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारा माणूस तुम्ही. फोनवर दोन वाक्यांत विचाराल, का गं रडतेस म्हणून. कागदाला तेवढे कान नसतात.

बातमी तशी चांगली आहे. यंदा आमच्या खालच्या वाडीत डेंग्यूचा एकही रुग्ण नाही. म्हणून आरोग्य कर्मचाऱ्यांच्या नेतृत्व शिबिरात मला बोलायला निवडलंय. २३ सप्टेंबरला, नाशिकला. विषय, ‘मी माझ्या गावात बदल कसा घडवला’. आणि मला राजीनामा द्यावासा वाटतोय.

कारण बदल मी घडवलेला नाही. आमची आशाताई मालनबाई गेल्या वर्षी आषाढात ओहोळात वाहून गेली, ते तुम्हाला माहीत आहे. ती दर गुरुवारी कोरडा दिवस पाळायला लावायची. पागोळ्यांखालचे पिंप, हंडे, सगळं ओतून घासून पालथं घालायचं, म्हणजे डासांच्या अळ्या आठवड्यापलीकडे जगत नाहीत. सकाळी सहाच्या सुमारास ती दारोदार जायची. कडी दोनदा वाजवायची, मग बाहेरच्या पिंपावर एक थाप.

मामा, ती कडी अजून वाजते. दर गुरुवारी, वाडीच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत. शेवटचं दार माझं. दोनदा कडी, एकदा पिंप. बायकांना विचारलं तर म्हणतात, मालनबाई येती. दार उघडून बघायचं नाही, तिचा मान हाय. मी बघितलेलं नाही. पांघरुणात गुडघे पोटाशी घेऊन सगळं शांत होईपर्यंत पडून राहते.

ओहोळापलीकडच्या वरच्या वाडीत मात्र ताप आहे. तिथल्या भागीबाईची सून गरोदर, तिला परवा नाशिकला हलवलं. त्या बायकांना सांगून सांगून माझा घसा बसला. मालनबाईचं ऐकायच्या, माझं कुणी ऐकत नाही. मी नोकरी सोडली तर तुम्ही रागवाल का?

आईला यातलं काही सांगू नका. कळावे, लोभ आहे तो पावसापाण्यात जपावा.
आपली,
स्नेहल

॥ श्री ॥
सायखेडा
१ सप्टेंबर २०२५

चि. स्नेहल हिस,
पुंजामामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं. घरात गणपती बसलेत आणि तुझी मामी आरतीत माझ्या टाळांवरून मला बोल लावते. म्हणते, गावभरच्या मोटारींचा सूर लावता, घरचा लागत नाही. बाकी सगळं क्षेम.

कागदाला कान नसतात हे तू कुठल्या कॉलेजात शिकलीस? मी तुझं पत्र तीनदा ऐकलं. नोकरी सोडलीस तर रागावणार नाही, दुकानात गल्ल्यावर बसवीन. पण तिथंही तुला कडी ऐकू येईल, त्याचं काय करशील?

मी सातवीतनं उठलेला माणूस. विहिरीत उतरून मोटारी काढता काढता वाइंडिंग शिकलो. त्यात एक कळलं. मोटार नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, तेव्हा ती बाहेरून पुसून काही उपयोग नसतो. आतलं वाइंडिंग जळालेलं असतं. तू मालनबाई, मालनबाई असा पत्रभर जप केलास. पण त्या दिवशी भर पावसात ती ओहोळापलीकडे कशाला गेली होती, ते एका शब्दानं लिहिलं नाहीस. वर्षभरात फोनवरही बोलली नाहीस. मी विचारलं नाही, कारण दर वेळी तुझा आवाज तिथं आखडायचा.

आता लिही. भुताला मी भीत नाही. न सांगितलेल्या गोष्टीला भितो.

मामीचे आशीर्वाद. तिनं तुझ्यासाठी मोदक राखून ठेवलेत आणि रोज त्यातला एक मी खातो, तेव्हा उत्तराला उशीर करू नये. लोभ आहेच.
पुंजामामा

॥ श्री ॥
खालची वाडी
६ सप्टेंबर २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

मी पाठवलं होतं तिला.

त्या आठवड्यात वरिष्ठांकडून सारखी विचारणा होत होती, घरभेटींचे फोटो का येत नाहीत. मी माझ्या हाताखालच्या अकरा आशाताईंची बैठक घेतली. सांगितलं, फोटो नसेल तर भेट धरणार नाही. मालनबाई उठून म्हणाली की ओहोळाला लय पाणी हाय, वरच्या वाडीला दोन दिसांनी जाते. मी सगळ्यांदेखत हसले. म्हणाले, पाण्याला भिणाऱ्या बाईनं डासांच्या मागे लागूच नये. बाकीच्याही हसल्या. मला वाटलं, पुढारपण म्हणतात ते हेच. चारचौघांत एकीला टोचलं की दहाजणी सरळ होतात.

ती गेली. अकरा घरं केली. परतताना ओहोळानं नेलं.

तिचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला होता. दोन दिवसांनी करवंदीच्या जाळीत सापडला. ज्यानं उचलला तो टेकाड चढला, तिथं रेंज आली, आणि मी तिच्या दहनाहून परत येत असताना माझा फोन वाजायला लागला. एकामागून एक अकरा फोटो. अकरा पालथे पिंप. खाली तिनं लिहिलं होतं, म्याडम आता भेट धरा.

आणि मी अहवालात लिहिलं, आशाताई स्वतःहून गेल्या.

तेव्हापासून मी ओहोळातून पाऊल टाकलेलं नाही. वरच्या वाडीला मोठ्या रस्त्यानं वळसा घालून जीपमधून जाते, दुपारी, पाण्याकडे पाठ करून. आता नाशिकला व्यासपीठावर उभी राहून बदल कसा घडवला ते सांगू? कडी माझ्याच दारात येऊन थांबते, मामा. ती मलाच शोधत येते.

उत्तर नको. जमलं तर या. गुरुवारी इथं असा.
आपली,
स्नेहल

॥ श्री ॥
सायखेडा
१३ सप्टेंबर २०२५

चि. स्नेहल हिस, अ. उ. आ.

एस.टी.त अंग आंबून गेलं, पण सुखरूप पोचलो. तोंडावर जे बोलता आलं नाही ते लिहितो. गुरुवारी पहाटे तू पांघरुणात होतीस आणि मी दाराला कान लावून खुर्चीवर बसलो होतो.

कडी वाजत आली, हे खरं. तुला एक हात ऐकू येतो, मला बारा ऐकू आले. एका हातात काचेच्या बांगड्या होत्या. एकीची अंगठी कडीला घासत होती. एक डावखुरी. एक म्हातारी, दोन कड्यांच्या मध्ये दम खाणारी. तुझ्या पिंपावरची थाप घाईची, ओल्या हाताची. शेजारच्या सुलाबाईची असावी. ज्या दाराची कडी वाजते ती बाई उठते, पुढच्या दाराची वाजवते, आणि परत येऊन आपला पिंप पालथा करते.

मग मी पहिल्या घरी, बयाबाईकडे, चहाला गेलो. तिला सरळ विचारलं. ती म्हणाली, त्यात काय इचारायचं, मालननंच लावून दिलं हाय, एकीनं दुसरीला उठवायचं, म्हंजी मी नसले तरी आडनार नाय. मी म्हणालो, मग पोरीला मालनबाई येते म्हणून का सांगता? तर म्हणे, खोटं काय त्यात? आमी कुठं उठतो, तीच उठवती. आणि तिनं मला साखर किती ते विचारलं.

पोरी, मला नेतृत्वाचं शिबिर कुणी दिलं नाही. पण विहिरीवर माणसं हाताखाली घेतली तेव्हा पाहिलं, मुकादम स्वतः दोराला लटकला तरच वरची माणसं दोर घट्ट धरतात. तू काठावरून हसलीस. ते झालं, ते मिटणार नाही आणि मी पुसूनही देणार नाही. पण दुसरं ऐक. कडी तुझ्या दारात येऊन थांबते म्हणतेस. का थांबते? पुढं ओहोळ आहे, आणि ओहोळापलीकडे भागीबाईचं दार. वर्षभर ती तुला शोधत येत नव्हती. पुढं द्यायला येत होती. तू घेतलीस आणि ठेवून घेतलीस. तिकडे ताप आहे.

एक गोष्ट मात्र मला उमगली नाही, ती लपवत नाही. बयाबाईला निघताना विचारलं, तुझी कडी कोण वाजवतं? माझ्याकडे खुळ्याकडे बघावं तसं बघत म्हणाली, माझ्या आधी जिचं घर हाय ती. बयाबाईच्या आधी मालनबाईचं घर आहे. त्याला गेल्या वर्षीच्या आषाढापासून कुलूप आहे. पहिली कडी वाजली तेव्हा मी कान ताणला होता. पुढचे बाराही हात ओळखले. तो पहिला तेवढा मला लागला नाही.

मामीनं विचारलं, पोरगी कशी आहे? म्हणालो, गुणगुणतेय. फिरू लागली की कळव.
पुंजामामा

॥ श्री ॥
खालची वाडी
२६ सप्टेंबर २०२५

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

मंगळवारी नाशिकला बोलले. लिहून नेलेलं भाषण पिशवीतच राहिलं. बदल मालनबाईनं घडवला हे सांगितलं, आणि तिला मी कसं पाठवलं तेही. अहवालातलं वाक्य खोटं आहे, हे माझ्या सहीनिशी लिहून दिलं. टाळ्या झाल्या नाहीत. एक साहेब म्हणाले, चौकशी लागेल. लागू द्या. मागच्या रांगेतली एक आशाताई माझ्याकडे एकटक बघत होती. तिनं मला क्षमा केली नाही, आणि तिचं बरोबर होतं. लिहून ठेवलेला राजीनामा मात्र फाडला.

काल गुरुवार. कडी आली. या वेळी मी दार उघडलं. सुलाबाईची पाठमोरी आकृती आपल्या पिंपाकडे चालली होती. तिनं वळून पाहिलं नाही, मीही हाक मारली नाही.

ओहोळाला गुडघाभर पाणी होतं. मधल्या दगडावर चढून पुढचा दगड पायानं चाचपला. पाण्याच्या आवाजात आणखी काही ऐकू आलं का, असं तुम्ही विचाराल. मी ऐकायचं टाळलं. भागीबाईच्या दारी दोनदा कडी वाजवली, पिंपावर थाप मारली आणि मागं न बघता परत फिरले. पाण्यात पाऊल टाकते तोच मागून कडी वाजली. मग आणखी एक, वरच्या अंगाला. सून अजून दवाखान्यात आहे. दोन्ही जीव ठीक आहेत, असा निरोप आहे.

परतताना बयाबाईकडे गेले. ती उंबऱ्यावर बसली होती, तोंड उतरलेलं. म्हणाली, आज माझी कडी वाजलीच नाय गं. लय वेळ वाट बघितली, मग आपली आपणच उठले.

मामा, तिनं वाट बघितली ती सहाच्या आधी. तेव्हा मी घरातच होते. पलीकडे जायचं माझं मलाही ठरलेलं नव्हतं, आणि नाशिकला काय बोलले ते इथं अजून कुणाला ठाऊक नाही.

येताना मालनबाईच्या कुलपाला हात लावला. कान लावायचं धाडस झालं नाही. ते काम तुमचं.

मामींना नमस्कार. लोभ आहे तो ठेवून घेऊ नये, पुढच्या दारी द्यावा.
आपली,
स्नेहल