ओतूरची थंडी, वाशीची माशी

वाशी, ८ डिसेंबर १९८६

सौ. वैजूअक्कास गोटीरामचा सप्रेम जयभीम. मी मजेत नाही.

दाजी टोमॅटोवर पुन्हा औषध मारणार, हे वाचून डोकंच फिरलं. मागल्या साली चंदाने फवारलेला टोमॅटो तोडून खाल्ला, उलट्या करून पोर पांढरी पडली, ते विसरले काय? बापच आहेत ना ते?

गावाकडे निघालेल्या गोवर्धनच्या हाती सहा कार्डं पाठवतोय. आमच्या शेडमध्ये वाढवतो तीच माशी. गांधीलमाशीच्या जातीची, पण मोहरीहून बारीक. फळ पोखरणाऱ्या अळीच्या अंड्यात ही आपलं अंडं घालते, अळी जन्मायच्या आधीच संपते. कार्डावरचे काळे ठिपके म्हणजे तशीच अंडी, आत माशी आहे. पानांखाली बांध. पाच दिवसांत बाहेर येईल, माझा शब्द. तोवर पंपाला हात लावू देऊ नको, औषधाने आधी माशीच मरेल. दाजी मला किडे राखणारा म्हणतात ना, म्हणावं आता बघा.

चंदाला पापा. आठवण काढत जा.
तुझा गोटीराम

ओतूर, १७ डिसेंबर

चि. गोटीरामास अक्काचे आशीर्वाद.

तुझे पाच दिवस कधीच सरले. ठिपके काळेच. रोज सकाळी दव झटकून बघते, बोटं बधिर होतात, माशीचा पत्ता नाही. तुझ्या शब्दावर मी घरात सगळ्यांसमोर ताठ उभी राहिले, आता सासूही हसते. हे म्हणतात, तुझा भाऊ तीन कामं सोडून पळाला, माश्याही त्याच्यावरच गेल्या.

अळी फळात शिरायला लागलीय. पंचवीस तारखेला हे पंप भरणार. चंदा रोज त्याच वाफ्यात खेळते, तिला किती दिवस बांधून ठेवू? जमत नव्हतं तर बोललास कशाला? उत्तर लगेच दे, नाहीतर देऊच नको.
अक्का

वाशी, २० डिसेंबर

अक्का, जयभीम. आज खुशाली विचारत नाही.

तुझं पत्र घेऊन साहेबाशी भांडलो, की मला मेलेला माल दिला. तो म्हणाला, आपण कार्डं फ्रीजमध्ये का ठेवतो? म्हटलं, माशी लवकर निघू नये म्हणून. मग डिसेंबरात तुझं गाव म्हणजे दुसरं काय आहे, म्हणाला. पाच दिवस हे आमच्या शेडचे, जिथे आत्ताही बनियनवर घाम येतो. गारठ्यात माशी आत हळूहळू वाढते. मेलेली नाही. फ्रीज रोज मीच उघडतो, तरी ओतूर डोक्यात आलं नाही, याचा मला दाजींपेक्षा जास्त संताप आहे.

पंप काढून घे. नाही ऐकलं तर सांग, गोटीराम म्हणतो तुम्ही बाप नाही, पंपाचं नळकांडं आहात. एक अक्षर गाळू नको.
गोटीराम

ओतूर, २९ डिसेंबर

चि. गोटीरामास आशीर्वाद, द्यावेसे वाटत नाहीत तरी.

मला काही सांगावंच लागलं नाही. पोस्टमन तुझी पत्रं ह्यांच्या हातात देतो. चोवीस तारखेला ह्यांनी चावडीसमोर उभ्यानेच वाचलं. घरी आले, जेवले, मला एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वाफ्याकडे निघाले, तशी मी चंदाला कडेवर घेऊन वाटेत आडवी उभी राहिले. मला बाजूला सारून आत गेले, एकेक कार्ड सोडलं, आणि अंड्यांवर खुडूक कोंबडी बसवलीय त्या डालग्यात आतून वरती बांधलं, चोच पोचणार नाही असं. सासूने विचारलं हे काय, तर म्हणाले, अंडीच ना ती.

परवा ठिपक्यांना भोकं पडली. कार्डावर जणू धूळ चालत होती. दुपारच्या उन्हात वाफ्यात नेऊन बांधली. तोडा होईपर्यंत औषध मारणार नाही, असं ह्यांनी सांगितलं, तेही मला नाही, सासूला.

मी दोघांवरही चिडले आहे. तू थंडी विसरलास, आणि ह्यांनी सगळं वाचूनही मला रात्रभर जागं ठेवलं. हे म्हणतात, पुढची कार्डं त्याने स्वतः आणावीत, आणि नळकांडं तोंडावर म्हणावं. तर ये. माळशेज घाटात फार गार लागतं, स्वेटर घाल. तुझ्यासाठी नाही सांगत, कार्डं तुझ्या खिशात असतील म्हणून.

राग उतरला की माया कळवीन.
अक्का