अकोल्याच्या नणंदेला कोण अडवणार?

प्रिय यमू,

आज सकाळी शाळेचे सचिव घरी आले आणि यंदाच्या सामन्याला येणार नाही असं अकोल्याला कळवायचं नकाराचं पत्र त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, "ड्रिल शिकवणारी तुमची बहीणच राहिली नाही. मुलींचा बास्केटबॉल आता पुरे. नागपूरचे साहेब तपासणीला आले तर लेझीम दाखवू. मुख्याध्यापिका म्हणून तेवढी सही करा." मी केली नाही. संघाबद्दल तुझ्याशिवाय कुणाशी बोलू? म्हणून लिहिते आहे.

तुझी वही काढली. आक्रमणाच्या तिघी तू ठरवून गेलीस. बचावाला वलगावची सखू. तिच्या जोडीची जागा मात्र कोरी! का गं? कुसुमचं नाव लिहायला हात धजला नाही ना?

गेल्या वर्षीचं अकोल्याचं मैदान मी विसरलेले नाही. कुसुमची होणारी नणंद चेंडू घेऊन धावत आली, आणि आपली ही शहाणी पदर सावरून बाजूला झाली. वाट दिली! एकदा नव्हे, चारदा. वर मलाच विचारते, "बाई, वन्संना आडवं कसं जायचं?" मी संतापले. तू गाडीत बडनेऱ्यापर्यंत हसत होतीस. "शिकवीन गं अक्का, वर्ष आहे हातात."

होतं का वर्ष? अंगात ताप घेऊन मैदानावर जायचीस आणि मला 'ऊन लागलं' सांगायचीस. तो राग अजून गेलेला नाही.

आणि मी तरी काय बोलले होते? "टोपलीत चेंडू टाकायला शिकवणं, हे काय काम आहे?" पुण्याहून बी.ए. होऊन आलेल्या बाईचं हे शहाणपण. ते शब्द मागे घेते.

काल कुसुम म्हणाली, "मला राखीवच ठेवा." ठेवलं असतं. पण संघातल्या थोरल्या दोघी लग्न होऊन गेल्या. सखू दमली की आक्रमणातली एक मागे येईल, असं तू लिहिलंस. तेवढ्यानं भागत नाही.

मग मीच चष्मा काढून ठेवला, पदर खोचला, चेंडू उचलला. "मी तुझी नणंद. अडव." दोनदा तिनं वाट दिली. म्हटलं, "सासरी हव्या तेवढ्या वाटा दे. यमूबाईंच्या मैदानावर नाही." तिसऱ्यांदा पोरगी जागची हलली नाही, यमू! मीच तिच्यावर आपटले, कोपर फुटलं. नियमानं दोषही माझाच. सखू टाळ्या पिटत ओरडली, "बाई, ननंद पडली वो! आता सासूले आना!"

कोऱ्या जागी कुसुमचं नाव लिहिलं. शाईनं.

आम्ही हरूही कदाचित. पण तुझा संघ अकोल्याला जाईल, आणि मी घेऊन जाईन. सचिवांना अडवायचंच असेल तर त्यांनी मैदानात उतरून अडवावं.

तुझी,
अक्का

आज सुपूर्द केलं ते असं: कुसुमकडे चेंडू आणि तुझी वही. सखूकडे मैदानाची किल्ली. सचिवांकडे त्यांचं नकाराचं पत्र, सहीविना. मागच्या बाजूला पाच मुलींची नावं. तुझी शिट्टी मी ठेवली आहे.